सबब

'सबब' हा शब्द मूळचा अरबी. अर्थ, कारण. फारसीचं बोट धरून तो मराठीत आला आणि इथे आल्यावर त्यानं दोन बिऱ्हाडं थाटली. एक बिऱ्हाड कचेरीत. तिथे तो इस्त्रीचे कपडे घालून 'सबब विनंती की' असा अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात उभा असतो आणि त्याचा अर्थ 'म्हणून' असा होतो. दुसरं बिऱ्हाड घरात. तिथे बायको म्हणते, "सबबी सांगू नका." इथे अर्थ, थाप. एकच शब्द कचेरीत खरा आणि घरात खोटा. ज्या भाषेला हे सुचलं त्या भाषेच्या लोकांना नीतिशास्त्र वेगळं शिकवायची गरज नाही.

मी बँकेत क्लार्क आहे. हल्ली कागदोपत्री आम्हाला 'असोसिएट' म्हणतात, पण खिडकीपलीकडचं गिऱ्हाईक अजून "ओ क्लार्कसाहेब" अशीच हाक मारतं आणि ती ऐकली की मलाही आपण जागेवर असल्यासारखं वाटतं. वीस-बावीस वर्षांत माझ्या हाताखालून जे अर्ज गेले, त्यांतला उशिरा आलेला प्रत्येक अर्ज 'काही अपरिहार्य कारणामुळे' उशिरा आलेला होता. अपरिहार्य म्हणजे टाळता न येणारं. काय ते अर्जदार सांगत नाही, आम्ही विचारत नाही. हा शब्द बंद पाकिटासारखा आहे. आत काय आहे ते बघायचं नाही, नुसता शिक्का मारायचा. आत मेहुणीचं लग्न असेल, नाहीतर क्रिकेटची मॅच. मराठी माणसाच्या आयुष्यात अपरिहार्य गोष्टी फार.

माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी मात्र हा शब्द लिहायला साफ नकार दिला. २०२४ च्या एप्रिलमधली ही गोष्ट. तेव्हापासून शेवटची तारीख या विषयावर मी जेवढा विचार केला आहे, तेवढा बी.कॉम.च्या तीन वर्षांत सगळ्या विषयांवर मिळून केला नसेल.

मेहुण्यांचं सांगलीत झेरॉक्सचं दुकान आहे. बाहेर पाटी आहे, 'येथे सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील'. आणि खरोखरच मिळतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पॅनकार्ड. अर्धा पेठभाग त्यांच्या हाताने सरकारदरबारी पोचलेला आहे. माझा भाचा चौथी पास होऊन पाचवीत जायचा होता. जवळच एक चांगलं नाव असलेली माध्यमिक शाळा आहे. पाचवीपासून सेमी-इंग्रजीची तुकडी, त्यामुळे झुंबड. फॉर्म द्यायची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. तो आठवडाभर मेहुण्यांनी त्याच फॉर्मच्या जोडपत्रांच्या झेरॉक्स काढल्या. जन्माचा दाखला, आधार, फोटो इथे चिकटवा, सही इथे करा, शनिवार शेवटचा बरं का. असं ते शेकडा माणसांना सांगत राहिले. सोमवारी सकाळी दुकान उघडताना त्यांना आठवलं की आपल्यालाही एक मुलगा आहे.

शाळेनं फॉर्म घेतला नाही. बहिणीचा मला फोन. "दादा, तू बँकेतला. असा अर्ज लिही की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." बँकेच्या अर्जांनी आजवर डोळ्यांत पाणी फक्त अर्जदाराच्याच आलेलं आहे, हे मी तिला सांगितलं नाही. रजा टाकली आणि गेलो.

घरी सबबींचं संमेलन भरलेलं होतं. बहिणीचं मत, सासूबाईंना आजारी पाडावं, ओळखीच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घ्यावं. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाडा की आजारी. पण सर्दी-खोकला लिहा. मोठं काही नको. गावात बातमी फिरली की माणसं बघायला येतात, आणि त्यांचा चहा मलाच करावा लागतो." शेजारच्यांनी सुचवलं, गावाकडे एक मयत दाखवून टाका. कोण, असं विचारल्यावर त्यांनी आस्थेनं आमच्या नातेवाइकांची यादी मागितली.

मेहुणे इतका वेळ गप्प होते. मी कागद पुढे ओढल्यावर म्हणाले, "दादा, लिहा, विसरलो."

"एवढंच?"

"एवढंच झालंय."

आता खरी गंमत अशी की 'विसरलो' हे कारण कुठल्याही कायद्यात, नियमात, परिपत्रकात बसत नाही. आजारपण बसतं, पूर बसतो, मयत बसतं. विसरणं बसत नाही. उशिरा येणाऱ्यांत बहुसंख्य लोक विसरलेले असतात, हे खिडकीच्या दोन्ही बाजूंना माहीत असतं. म्हणजे खरं बोलणाऱ्यासाठी फॉर्मवर रकानाच नाही. खोटं बोलणाऱ्यासाठी पाच आहेत. मुदतीचा नियम उशिराला शिक्षा करायला म्हणून केलेला, पण प्रत्यक्षात शिक्षा होते ती उशिरा येऊन खरं सांगणाऱ्याला. हे मला काही केल्या पटत नव्हतं. पण मेहुण्यांना एवढंही सांगवेना, की मग मुलाच्या शाळेपुरतं थोडं खोटं बोला. त्यांच्या मुलाच्या देखत कसं सांगणार? तो तिथेच चटईवर बसला होता.

आमच्या धंद्यात उशिराला फार जुनी आणि अदबशीर वागणूक आहे. हुंड्या आणि चेक ज्या कायद्यानं चालतात तो १८८१ चा. त्यात मुदतीच्या हुंडीला सवलतीचे तीन दिवस दिलेले आहेत. पाचला पैसे द्यायचे असतील तर आठला दिले तरी माणूस सावच. मी कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इंग्रजांबद्दल मला आदर वाटला होता. पुढे गणितं सोडवताना लक्षात आलं की तीन दिवस सगळ्यांनाच असल्यामुळे सगळेच ते आधी मिळवून घेतात. कायदाही सरळ तिसऱ्या दिवसालाच देय तारीख म्हणतो. दया जाहीर केली की तिची मुदत होते. उद्या त्या शाळेनं पाटीवर लिहिलं, की शनिवारनंतर आणखी तीन दिवस फॉर्म घेऊ, तर मंगळवार हाच शनिवार होईल आणि बुधवारी आणखी कोणाचा तरी मेहुणा दारात उभा राहील. जाहीर न करता दया दाखवावी, तर ती ज्याच्याकडे कोणाचा तरी फोन नंबर आहे त्यालाच पोचते. या दोन्हींच्या मधली दया कशी असते, ते मला कोणत्याच सर्क्युलरमध्ये सापडलेलं नाही.

रविवारचंच बघा. १८८१ च्या कायद्याप्रमाणे हुंडीची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर पैसे आदल्या कामाच्या दिवशी द्यायचे. पण १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दाव्याची शेवटची तारीख सुट्टीत आली तर दावा कोर्ट उघडेल त्या दिवशी चालतो. म्हणजे रविवार तुम्हाला मागे ढकलणार की पुढे, हे तुम्ही पैसे द्यायला निघालात की मागायला, यावर आहे. आमच्या भाच्याचा शनिवार मात्र धड सुट्टीही नव्हता आणि धड कामाचाही नव्हता. त्याला कोणताच कायदा लागेना.

मुदतीच्या त्याच कायद्यात पाचवं कलम आहे. पुरेसं कारण दाखवलं तर अपिलाला झालेला उशीर कोर्ट माफ करू शकतं. पुरेसं म्हणजे किती, यावर वकिलांच्या पिढ्या जगल्या. १९८७ साली सुप्रीम कोर्टापुढे काश्मीरमधल्या अनंतनागचं एक प्रकरण आलं. जमीन संपादनाच्या भरपाईचा वाद, आणि सरकारचं अपील चार दिवस उशिरा. कोर्टानं उशीर माफ केला. दिवसादिवसाचा हिशेब द्या म्हणणाऱ्यांना उलट विचारलं, की मग तासातासाचा आणि सेकंदासेकंदाचा का मागत नाही? उशीर करून सहसा कोणाचा फायदा होत नसतो, हेही सांगितलं. इथपर्यंत वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. पण पुढे म्हटलं होतं, की सरकारी यंत्रणेत टिपणी लिहिणं, फायली सरकवणं, जबाबदारी दुसऱ्यावर टाकणं ही रीतच असल्यामुळे तिचा उशीर समजून घ्यायला सोपा, मान्य करायला कठीण. म्हणजे ज्याला उशिराची सवय आहे त्याचा उशीर लवकर समजतो! पुढे २०१२ साली टपाल खातंच ४२७ दिवस उशिरा अपिलात आलं, तेव्हा मात्र कोर्टानं हात वर केले आणि सरकारी खात्यांनी माफी गृहीत धरू नये असं बजावलं. टपाल खात्याला उशीर झाला म्हणून कोणी रागावलं, ही त्या खात्याच्या इतिहासातली मोठीच घटना म्हणायची.

असो. शाळेत गेलो.

मुख्याध्यापिका बाई भल्या होत्या. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण अशा लेखांत मुख्याध्यापक खाष्ट असण्याची प्रथा आहे. त्यांनी अर्ज वाचला. चष्मा काढून पुसला. परत वाचला. "विसरलो, असं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"एकतीस वर्षं झाली मला नोकरीला," त्या म्हणाल्या, "असा अर्ज पहिल्यांदाच बघते." मला वाटलं, काम झालं.

मी बँकेतला माणूस असल्यामुळे रिकाम्या हातानं गेलो नव्हतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं पंधरावं कलम वाचून गेलो होतो. मुदत उलटली म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारायचा नाही, असं त्यात स्वच्छ आहे. कायदा सहा ते चौदा वयाला लागू, आणि भाचा दहा वर्षांचा. मी कलम सांगितलं. बाई हसल्या. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. "उशीर झाला म्हणून मी नाही म्हणतच नाहीये. बाक नाही म्हणून नाही म्हणतेय. तुमचा मुलगा शाळेबाहेर राहणार नाही, पलीकडच्या शाळेत जागा आहेत, उद्या घालता येईल. इथल्या सेमीच्या तुकडीत जागा नाही." आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक यादी काढली. परीक्षा घेऊन मुलं निवडायला त्याच कायद्यानं बंदी आहे, म्हणून शाळा चिठ्ठ्या टाकते. चिठ्ठीत न निघालेली बावीस मुलं प्रतीक्षा यादीत होती. सगळी शनिवारच्या आत आलेली.

"याला आत घेतलं," बाई म्हणाल्या, "तर या बावीस जणांना काय सांगू? तुमचं काय चुकलं म्हणू? की तुम्ही वेळेवर आलात?"

मेहुण्यांनी यादी हातात घेतली. माझी कल्पना होती, ते नंबर बघतायत. ते नावं बघत होते. म्हणाले, "हा तीन नंबरचा. याच्या आईला शनिवारची आठवण मीच केली होती. बाजारात भाजी विकतात त्या. फॉर्म मी भरून दिला." मग आणखी खाली बोट नेत, "ही अकरावी पण आपलीच. हिचा फोटो चिकटत नव्हता, डिंक मी लावला." बावीसातले नऊ त्यांच्या दुकानातून गेलेले निघाले. यादी परत देताना ते बाईंना म्हणाले, "मग आमचा तेविसावा लिहा."

तिथे माझं पंधरावं कलम संपलं.

त्या रात्री मला झोप येईना, म्हणून मी नोव्हेंबर महिन्याचा विचार केला. आमच्याकडे नोव्हेंबरात पेन्शनर लोक हयातीचा दाखला द्यायला येतात. ऐंशीच्या पुढच्यांना केंद्र सरकारनं ऑक्टोबरपासूनच मुभा दिली आहे, तरी दरवर्षी दोन-चार आजोबा डिसेंबर उजाडल्यावर येतातच. संगणकानं तोवर त्यांचं पेन्शन थांबवलेलं असतं. माणूस काठी टेकून समोर उभा, आणि पडद्यावर तो जिवंत असल्याचा पुरावा नाही. मी दाखला घेतो, पेन्शन सुरू होतं, राहिलेले पैसेही मिळतात. आजोबा मला आशीर्वाद देतात. इतकी वर्षं मी स्वतःला त्यामुळे दयाळू समजत होतो. त्या रात्री कळलं, की ती दया फुकटची आहे. आजोबा उशिरा आले म्हणून त्यांचं पेन्शन मधल्या काळात दुसऱ्या कोणा आजोबांना दिलेलं नसतं. शाळेचा बाक तसा नाही. तिथे एकाच्या नावावर दया जमा करायची, तर दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून ती वजा करावीच लागते. आणि ज्याच्या खात्यातून जाते तो खिडकीसमोर नसतो. तो वेळेवर येऊन, फॉर्म देऊन, घरी गेलेला असतो. खिडकीसमोर उभा असतो तो उशिरा आलेलाच. डोळ्यांत पाणी त्याच्याच येतं आणि आपल्याला दिसतंही त्याचंच.

हे सगळं मला पटलं होतं. फक्त सकाळी अंघोळीला जाताना भाच्यानं विचारलं, "मामा, पण मी तर विसरलो नव्हतो ना?" यावर मात्र माझ्याकडे कलम नव्हतं. चूक बापाची, बाक गेला मुलाचा. बँकेत सहसा असं होत नाही. ज्याची सही त्याच्यावरच वसुली. मी त्याला म्हटलं, "नाही रे." तो "मग?" म्हणाला आणि अंघोळीला गेला.

माझ्या बायकोची मावसबहीण इंग्लंडात स्लाऊला असते. तिथेही हाच घोळ होतो. माध्यमिक शाळेच्या अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर, कोणती शाळा मिळाली ते १ मार्चला कळतं, त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. उशिरा आलेल्या अर्जांचा विचार साधारणपणे वेळेवरचे संपल्यावर. हिनं त्याच सुमारास घर बदललं आणि तारीख हुकली. शाळा मिळाली ती दोन बस बदलून जायची. तिनं अपील केलं. तिथे अपील ऐकायला निदान तीन माणसांचं स्वतंत्र मंडळ बसतं, शाळेशी संबंध नसलेलं, आणि त्यांचा निर्णय शाळेवर बंधनकारक असतो. आणखी एक मूल घेतल्यानं शाळेचं काय बिघडेल आणि न घेतल्यानं मुलाचं काय बिघडेल, हे ते तराजूत घालून बघतात. शिवाय मंडळाजवळ एक क्लार्क असतो. तो मत देत नाही, पण कायदा सांगतो, सगळं टिपून ठेवतो, आणि त्याच्यावाचून मंडळाचं चालत नाही. हे ऐकल्यावर बायकोनं माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. बहीण अपील हरली. "पण पाऊण तास ऐकून घेतलं गं," ती फोनवर सांगत होती, "मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही कोणी." हरलेल्या माणसाला एवढं पुरतं का, हे मी विचारणार होतो, पण ती अजूनही त्या पाऊण तासाबद्दलच बोलत होती.

आमच्याकडे बहिणीनं हार मानली नाही. नवऱ्याच्या नकळत तिनं शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे स्वतःच्या सहीचा अर्ज टाकला. त्यात 'अपरिहार्य' हा शब्द तीनदा आणि सासूबाईंचा खोकला एकदा होता. उत्तर आलं, जागा रिक्त नसल्यानं प्रतीक्षा यादीच्या क्रमानं कार्यवाही करावी. म्हणजे बाई जे पाच मिनिटांत बोलल्या, तेच दोन महिन्यांनी टाईप होऊन आलं. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांना राग आला तो निकालाचा नव्हे. "मी सर्दी-खोकला म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "हिनं नुसताच खोकला लिहिला."

जूनअखेर यादी हलली. काही मुलं इंग्रजी माध्यमाला गेली, कोणाच्या वडिलांची बदली झाली. अकरा नंबरापर्यंत मुलं आत आली. भाचा पलीकडच्या शाळेत गेला. तिथे वर्गात पोरं कमी, मैदान मोठं, आणि सगळे मित्र दुसरीकडे. मधल्या सुट्टीत तो पहिले काही दिवस कुंपणापाशी उभा असायचा, असं बहीण सांगते. आता खेळतो.

तीन नंबरच्या मुलाची आई प्रवेशाचे कागद घेऊन दुकानात आली होती. तीन कागद, दोन-दोन प्रती, सहा रुपये. जाता जाता तिनं विचारलं, "तुमच्या पोराचं झालं का तिथं?" मेहुणे म्हणाले, "तेविसावा होता." ती काहीच बोलली नाही. सहा रुपये काउंटरवर ठेवले. मेहुण्यांनी ते परत सरकवले. तिनं पुन्हा पुढे केले. यांनी पुन्हा सरकवले. शेवटी ती नाणी उचलून पदराला बांधून गेली. हे बहिणीनं मला फोनवर सांगितलं, आणि थोडं थांबून म्हणाली, "दादा, सहा रुपये तरी घ्यायचे की नाही माणसानं?"